डाव्या हातची गोष्ट

उजव्या हाताची तीन बोटं
कारखान्यातल्या पट्ट्याने घेतली, कॉड सोलताना,
फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी.
कळ दाबली हानुसने.
माझा हात आत आहे हे त्याने पाहिलं नाही.

आधी विणकाम गेलं.
मग हात जोडणं अवघड होऊन बसलं.
डाव्याची बोटं उजव्यात गुंफायला जातात
आणि रिकाम्या जागेतून आरपार निघतात,
चर्चमध्ये, सगळ्यांदेखत.

दवाखान्यातली बाई म्हणाली,
डाव्या हाताने लिहीत जा, रोज एक पान, काहीही.
काहीही म्हणजे काय लिहायचं असतं?
मी आमच्या मेंढ्यांच्या कानांवरच्या खुणा लिहिल्या.
फेरो बेटांवर धुक्याला जितके शब्द आहेत
तितके सगळे लिहिले.
एका अक्षरात चहा गार व्हायचा.
अक्षरंही मागे कलंडलेली,
वाऱ्याला पाठ देऊन उभ्या बायकांसारखी.

लोक सहज म्हणतात, हा तर माझ्या डाव्या हातचा मळ.
त्यांनी डाव्या हाताने कधी
स्वतःचं नाव लिहून पाहिलेलं नसतं.

मग गोष्टी यायला लागल्या.
माशांच्या वजनाच्या चिठ्ठ्यांमागे
मी हानुसला बुडवलं.
पहिल्या गोष्टीत बोटीसकट.
दुसरीत तो कड्यावरून गेला,
पक्ष्यांची अंडी काढता काढता.
तिसरीत जिवंत ठेवला, पण आंधळा.
देव सगळ्या गोष्टींत होता,
माझ्या बाजूने नेमलेला पंच, मुका.
सातव्या गोष्टीपर्यंत माझं अक्षर सुधारलं.
एवढीच प्रगती.

दर रविवारी प्रार्थनेत ती ओळ यायची,
आम्ही जसं सोडलं, तसं तूही सोड,
आणि मी ओठ मिटून घ्यायचे.
तीन वर्षं.
शेजारची गुन्वर नेमकी तिथे खोकायची,
माझ्या वाटची शांतता झाकायला.
पाळकबाईंना ठाऊक होतं.
एकदाच, दाराशी रेनकोट चढवताना म्हणाल्या,
"लिहितेस म्हणे. बरंय.
गाळलेली ओळही त्याला ऐकू जाते."
मला राग आला. घरी येऊन तोही लिहिला.

आठवी गोष्ट जूनमधली.
रात्र व्हायचं नाव घेत नव्हती.
हानुस कळीकडे जातो, एवढंच लिहायचं होतं.
पण डावा हात सावकाश चालतो.
'जातो' पुरा होईस्तोवर
त्याच्या बुटात शिरलेलं पाणी दिसलं.
मग खिडकी दिसली,
खिडकीबाहेर धक्का, धक्क्यावर त्याची बायको,
पिवळा कोट, एक हात पोटावर,
दुसरा हलवतेय.
ये, की जा, की लवकर,
काचेवर साचलेल्या मिठातून कळत नाही.
हे खरं होतं का?
मी त्याला विचारलेलं नाही.
पण तो तिच्याकडे पाहत होता,
आणि मीही पाहत राहिले,
आणि कळ दाबली गेली.

इथे पेन्सिल खाली ठेवली.
समोरच्या छपरावर मेंढी चढली होती,
छपराचंच गवत खात.
मी रडले असं लिहायला हवं.
रडले नाही. भूक लागली होती.
वाऱ्यावर सुकवलेलं मटण कापलं, त्याच हाताने,
आणि उभ्या उभ्या खाल्लं.

लिहून बरं वाटलं का, विचारतात.
नसलेली बोटं थंडीत अजून ठणकतात.
देवाशी भांडण आहे तिथेच आहे.
पंचाची जागा मात्र त्याने सोडली.
बहुधा धक्क्यावर उभा असतो, पावसात,
हात हलवत.
ये की जा, कळत नाही.

काल ती ओळ आली तेव्हा
'आम्ही जसं' इथवर म्हटलं.
पुढचं गुन्वरच्या खोकल्यात गेलं.
हानुस दोन बाकं पुढे बसला होता.
मानेवरचे केस पिकलेत त्याचे.
हे आठव्या गोष्टीत नव्हतं.